बंदुकीची वेळ, आपली वेळ

धावणाऱ्या माणसाला सेकंदाचं भारी अप्रूप. दहा किलोमीटरमध्ये चार सेकंद वाचले की पेढे, सहा सेकंद वाढले की चेहऱ्यावर सुतक. मनगटावरचं घड्याळ थेट उपग्रहाशी बोलतं. पायांची गती, काळजाचे ठोके, रात्रीची झोप, सगळ्याचा हिशेब लिहून ठेवतं. तोच माणूस, तेच घड्याळ घालून, शनिवारी सकाळी दहाला वारजे पुलाखाली भेटायचं ठरलेलं असताना सव्वादहाला फोनवर सांगतो, 'निघालोच!' आणि त्याच्या आवाजामागे बादलीत पाणी पडत असतं.

प्रसंग साताऱ्याला निघण्याचा. पुण्याच्या धावणाऱ्यांची ही वार्षिक वारी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अंतर २१.१ किलोमीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं, वळायचं आणि चढलेलं सगळं उतरायचं. नोंदणी सुरू झाली की जागा भराभर भरतात, म्हणून त्या दिवशी आमच्यातला प्रत्येक जण ठरल्या मिनिटाला कार्ड हातात धरून बसलेला असतो. म्हणजे वेळ पाळता येत नाही, हे कारण बाद. पैसे स्वतःचे आणि जागा जायची भीती असली की वेळ पाळता येते. मित्राला पुलाखाली उभं ठेवण्यात यातलं काहीच जात नाही.

मग ठरतं 'एकत्र जाऊ'. पेट्रोल वाचेल, पर्यावरण वाचेल, गप्पा होतील. दोन गाड्या, आठ माणसं. आता प्रत्येकाचं घर 'वाटेतच' असतं. कोथरूडहून साताऱ्याला जाताना बाणेर वाटेत, खराडी वाटेत, हडपसर तर अगदीच वाटेत. खराडीवाला वर समजावतो, 'मला कुठे आत येऊन घ्यायला सांगतोय? मी मेन रोडला येऊन थांबतो ना.' मेन रोडला तो येतोही, फक्त गाडी पोचून झाल्यावर. सगळ्यांना घेत घेत गाडी शहराची अशी काही प्रदक्षिणा घालते की सातारा तेवढ्या वेळात गाठून झाला असता; तसं ते अंतर आहे फक्त एकशेदहा किलोमीटरच्या आसपास.

यात धावणारे किती, हाही प्रश्नच. एकाची बायको 'कासची फुलं बघायला' येते. सप्टेंबर म्हणजे पठाराचा हंगाम, बाईंचं चुकीचं काहीच नाही. मग दुसऱ्याची मेहुणी. मग मेहुणीची मैत्रीण. आठ बिबांसाठी (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर) निघालेल्या दोन गाड्यांत शेवटी पाचच धावणारे बसतात आणि उरलेले तिघे आपापल्या बसने या, असं त्यांना अत्यंत प्रेमाने कळवलं जातं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. शर्यतीत वेळ मोजायच्या दोन तऱ्हा असतात. एक बंदुकीची: बार उडाला की सगळ्यांचं घड्याळ सुरू, तुम्ही रेषेवर असा नाहीतर मागे दोन हजार माणसांत अडकलेले असा. दुसरी चिपची: बिबाला किंवा बुटाला लावलेली चिप सुरुवातीच्या मॅटवरून गेली की तुमचं स्वतःचं घड्याळ सुरू. बक्षिसं आणि विक्रम साधारणपणे बंदुकीच्या वेळेवर ठरतात. चिपची वेळ ही आपल्यासारख्या हौशी मंडळींच्या समाधानाची सोय. मागे उभा राहिलेल्याचं नुकसान नको, हा त्यातला चांगला हेतू.

ही सोय आमच्या मंडळींनी शर्यतीतून उचलली आणि आयुष्याला लावली. वारजे पुलाखाली दहाला पोचलेला माणूस बंदुकीच्या वेळेवर जगतो. बाकीचे सगळे चिपवर. त्यांचं घड्याळ सुरू होतं ते स्वतःच्या उंबऱ्याचा मॅट ओलांडल्यावर. म्हणून पावणेअकराला येऊनही ते छातीठोकपणे सांगतात, 'बारा मिनिटांत आलो बघ, सिग्नलच लागले नाहीत.' आणि पुलाखालचा बंदूकवाला या विक्रमाबद्दल त्यांचं अभिनंदन करतो. करावंच लागतं, कारण गाडी उशिरा आलेल्याची असते.

उशिराचं कारण कधीही आळस नसतं, हे नोंदवून ठेवतो. कारण शास्त्रीय असतं. एकाचं 'कार्ब लोडिंग' चालू असतं, म्हणजे त्याने निघताना साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. दुसऱ्याचा 'टेपर' चालू असतो; शर्यतीआधीच्या आठवड्यात श्रम कमी करायचे असतात, म्हणून बॅग भरायचं काम त्याने आईवर सोपवलं. तिसऱ्याचा प्रश्न पोटाचा. तो कोणत्याही पुस्तकात सापडण्यासारखा नाही. धावणाऱ्यांच्या मंडळीत या विषयावर जितक्या मोकळेपणाने बोललं जातं तितकं डॉक्टरांच्या दवाखान्यातही कोणी बोलत नाही. 'झालं का?' हा आमच्याकडे सकाळचा नमस्कार आहे.

हाच नमस्कार साताऱ्याच्या लॉजवर युद्धाचं रूप घेतो. शनिवारी कसंबसं पोचून, टीशर्ट आणि बिब ताब्यात घेऊन, बिब हातात धरून फोटो काढून, चार जण एका खोलीत झोपतात. खोलीला संडास एक. पहाटे पाचला बाहेर पडायचं, म्हणून चारचा गजर. साडेतीनला एक जण चोरपावलांनी उठतो आणि आतून कडी लावतो. तो आत गेला की बाहेरच्या तिघांचं घड्याळ बंदुकीवर चालतं. आतल्याचं अर्थातच चिपवर. पुढचं वर्णन सदराच्या शिष्टाचारात बसत नाही. एवढंच सांगतो, की पुलाखाली पाऊण तास उशिरा आलेला गृहस्थ इथे सगळ्यांत आधी नंबर लावतो. वक्तशीरपणा त्याच्यात असतो. तो कुठे खर्च करायचा याची त्याला जाण आहे.

वेळेवर जमणं म्हणजे काय, त्याचा एक दाखला देतो. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात धावपटू एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. अधिकृत विक्रम म्हणून ते धरलं गेलं नाही, कारण त्याला वेग धरून देणारे पळणारे मधे मधे बदलत होते. जग त्या दोन तासांच्या आतल्या वेळेने थक्क झालं. मी वेगळ्याच आकड्याने झालो. वेग धरून देणारे ४१ होते. ४१! हवामान बघून दिवस नक्की करायचा होता म्हणून ही मंडळी आधीपासून तयार बसलेली, आणि सकाळी सव्वाआठला तिथल्या झाडांच्या रस्त्यावर हजर. 'अरे, खाली आलोय, लोकेशन पाठव' असं एकही नाही. किपचोगे धावला, ते ठीक. पण एक्केचाळीस जणांना एका वेळी एका जागी आणणारा कोण होता, त्याचा पुतळा व्हिएन्नात का नाही?

आपल्याकडेही असा पराक्रम झालेला आहे. २०१५ मध्ये याच साताऱ्याच्या शर्यतीने डोंगरावरच्या एका शर्यतीत सर्वाधिक धावपटूंचा गिनेस विक्रम केला. अडीच हजारांहून जास्त माणसं होती. गिनेसवाल्यांनी किती जण धावले याची नोंद केली. त्यांतले किती जण एकमेकांसाठी लॉजच्या जिन्यात थांबले होते, याची केली असती तर तो विक्रम आजही कोणी मोडू शकलं नसतं.

मुंबईकर या बाबतीत भाव खातात. त्यांची मॅरेथॉन २००४ पासूनची, हल्ली जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांनी पहाटे सीएसएमटीला पोचायचं, अर्ध्यावाल्यांनी माहीमच्या रेती बंदरावर. त्या पहाटे जास्तीच्या लोकल सोडतात आणि डोंबिवलीची टोळी अंधारात, इंडिकेटरखाली, न चुकता जमते. मग सोमवारी आम्हाला ऐकवतात, 'तुम्हा पुणेकरांना शिस्त नाही.' वा! शिस्त तुमच्यात नाही हो, लोकलमध्ये आहे. त्या टोळीला एकदा कोणाच्या तरी मोटारीने साताऱ्याला आणून बघा. मोटारवाल्याला फोन करता येतो, मोटरमनला करता येत नाही, एवढाच काय तो मुंबईचा संस्कार.

शर्यतीतही लोकलसारखी सोय असते. तिला आम्ही बसच म्हणतो. पाठीवर किंवा झेंड्यावर वेळ लिहिलेला एक पेसर ठरल्या वेगाने धावतो आणि त्याच्यामागे शंभरेक माणसं. अडीच तासांची बस, पावणेतीन तासांची बस. सुटायची वेळ झाली की बस सुटते. बुटाची नाडी बांधायला वाकलात, गेली. पेसर मागे वळून 'या, या, थांबतो' म्हणत नाही. गंमत म्हणजे हा पेसर आमच्याच टोळीतला असतो. रेषेवर सेकंदाला पक्का आणि वारजे पुलाखाली शेवटून दुसरा. झेंडा हातात नसला की त्याला दिशा सापडत नाही.

आणि मग नियतीचा टोला. ज्याच्यासाठी सगळे पुलाखाली ताटकळले, जिन्यात ताटकळले, पार्किंगमध्ये ताटकळले, तोच सगळ्यांत आधी धावून येतो. पावणेदोन तासांत घाट चढून उतरून, पदक गळ्यात घालून, उप्पीट खाऊन, कपडे बदलून तयार. इकडे दहाच्या ठोक्याला पुलाखाली हजर असणारे आमचे काका यवतेश्वरच्या उतारावर गुडघा धरून येत असतात, तीन तासांच्या हिशेबाने. आणि हा गाडीला टेकून घड्याळ बघत म्हणतो, 'अजून किती वेळ? मला दुपारी पाहुणे आहेत रे घरी.' काका आल्या आल्या माफी मागतात! वक्तशीर माणसाला माफी मागायची सवय असते. तो नेहमी वेळेवर येतो, ते मुळी त्या भीतीपोटीच.

परतीच्या वाटेवर कंदी पेढ्यांसाठी गाडी थांबते. 'दोन मिनिटं' म्हणून. पाय इतके आखडलेले असतात की उतरायलाच पाच लागतात. मग बोगद्याच्या अलीकडे चहा. पुढे खेड शिवापूरच्या टोलनाक्याची रांग, आणि त्या रांगेत निम्मे तरी चेहरे सकाळच्या घाटातले. प्रत्येक गाडीत पुढे पदक घातलेला एक जण आणि मागे त्याच्यावर डाफरणारे तिघे.

मग एकटं का जात नाही, असं कोणी शहाणा विचारेल. स्वारगेटहून एसटी आहे, साताऱ्याला लॉज आहे, पाय स्वतःचे आहेत. उत्तर सोपं आहे. एकटा धावलेला माणूस धावला, याला पुरावा काय? पदकाचा फोटो कोणी काढायचा? घाटातल्या वळणावर आपण चाललो नव्हतो, धावतच होतो, याची खोटी साक्ष कोणी द्यायची? २१ किलोमीटर धावायला मित्र लागत नाहीत. ते नंतर वर्षभर सांगायला लागतात. त्या साक्षीदारांची फी म्हणजे पुलाखालचा पाऊण तास, आणि मनातल्या मनात सगळ्यांना ती स्वस्तच वाटते.

तरी शिस्तीचा एक नमुना आम्ही हेरून ठेवला आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. डर्बन आणि पीटरमेरिट्झबर्ग यांच्यामध्ये, नव्वदीच्या आसपास किलोमीटर, एक वर्ष चढणीच्या दिशेने, एक वर्ष उताराच्या. पहिल्या वर्षी ३४ जण सुटले, १६ पोचले. आता महाराष्ट्रातूनही दरवर्षी माणसं जातात. पोचायला मुदत १२ तासांची, आणि चिपचे लाड तिथे वर्षानुवर्षं नव्हते. बार उडाला की बारा तास सगळ्यांचे सुरू. मुदत संपताना एक अधिकारी शेवटच्या रेषेवर बंदूक घेऊन उभा राहतो, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून. मुद्दाम पाठ करून. समोर बघितलं तर दहा पावलांवर धडपडत येणारा दिसेल, आणि हात अडखळेल. बारा तास झाले, बार उडाला, संपलं. नव्वद किलोमीटर आलेला माणूस एका सेकंदाने राहिला तरी राहिला.

आम्हाला नेमका हाच माणूस हवा आहे. दहा वाजता पुलाखाली, रस्त्याकडे पाठ करून बसणारा, आणि मागून कितीही 'अरे अरे' ऐकू आलं तरी गिअर टाकणारा. असा चालक आमच्यात निघेना, तेव्हा मधला मार्ग म्हणून एक ठराव मांडला: यापुढे पेट्रोलचे पैसे बंदुकीच्या वेळेवर वाटायचे. दहानंतरच्या दर मिनिटाचे दहा रुपये, ज्याच्या त्याच्या नावावर.

ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांच्याविरुद्ध तो होता, ते बैठकीला अजून पोचायचे होते.