किती देते? : सिग्नलवरील गृहस्थांस एक अनावृत पत्र

रा. रा. नळस्टॉपच्या सिग्नलवरील अज्ञात गृहस्थ यांस,

सा. न. वि. वि.

आपले नाव मला ठाऊक नाही, आणि आपण दर खेपेस निराळ्या वयात, निराळ्या स्कूटरवर आणि निराळ्या हेल्मेटात (किंबहुना बहुधा हेल्मेटाविना) प्रकट होत असल्यामुळे ते विचारून घेण्याची सोयही नाही. परंतु आपला प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो ऊनपावसाची तमा न बाळगता आपण ज्या निष्ठेने विचारीत आला आहात, ती पाहता आपली नेमणूक कोणत्या तरी सरकारी खात्याने केली असावी, असा माझा ग्रह होत चालला आहे. लाल दिव्यापाशी माझी मोटारसायकल शेजारी येऊन थांबली, की आपण तिच्यावरून टायरपासून आरशापर्यंत एक नजर फिरवता, मान किंचित तिरपी करता आणि म्हणता, "किती देते?" मी "पंधरा-सोळा" म्हणताच आपल्या मुद्रेवर आधी अविश्वास, मग अनुकंपा आणि अखेरीस स्वतःच्या वाहनाविषयीचे निर्मळ समाधान उमटते, "कितीला पडली?" हा पुरवणी प्रश्न निघतो, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच दिवा हिरवा होतो. इतक्या महत्त्वाच्या चौकशीचे दप्तर वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहावे, हे बरे नव्हे. म्हणून आपल्या दोन्ही प्रश्नांची, आणि जो तिसरा आपण आजवर कधी विचारलाच नाही त्याचीही, उत्तरे लेखी सादर करण्याची ही तजवीज केली आहे.

प्रथम वस्तूचा तपशील. सदरहू वाहन जपानी बनावटीचे असून त्यास 1043 घन सेंटिमीटरांचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे 140 अश्वशक्तीचा जोर, 19 लिटरांची टाकी आणि पावणेतीन मणांच्या बढाया मारणाऱ्या पैलवानालाही ढकलताना घाम फोडील असे 235 किलोंच्या आसपासचे वजन आहे. या जातीला 'स्पोर्ट टूरर' म्हणतात. तिचे कुळ मोठे आहे. 1976 साली बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिचे वारा अडवणारे पूर्ण कवच इटलीतील पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात तपासून घडवलेले होते. 1990 साली होंडाने काढलेल्या एसटी 1100 या गाडीचे नावच 'पॅन युरोपियन' असे होते, आणि एका दमात अर्धा देश मागे पडावा म्हणून तिला 28 लिटरांची टाकी दिलेली होती. म्युनिकमध्ये न्याहारी उरकून निघालेल्या गृहस्थाने आल्प्स ओलांडून संध्याकाळी इटलीच्या समुद्रकाठी उतरावे, आणि उतरताना त्याचा कणा ताठ असावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप झाला. अशा कुळातील कन्या कर्वे रस्त्यावर रिक्षाच्या मागे उभी का, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो माझ्याही मनात येतो.

आता 'कितीला पडली?' या प्रश्नाविषयी. आकडा सांगितला तर आपल्या घरी आणि माझ्या घरी, अशा दोन्ही ठिकाणी अशांतता माजेल. म्हणून त्या रकमेत बऱ्यापैकी चारचाकी येते, एवढेच नमूद करतो. मात्र या किमतीत आंब्याचाही वाटा आहे, हे आपणास बहुधा माहीत नसेल. 2007 साली हिंदुस्थान सरकारने 800 घन सेंटिमीटरांवरच्या मोटारसायकलींच्या आयातीस वाट मोकळी करून दिली, आणि त्याच वाटाघाटींच्या मेजावर अमेरिकेने आमच्या आंब्यास दार उघडले. लासलगावच्या विकिरण केंद्रातून रीतसर किरणे खाऊन आमचा हापूस तिकडे गेला आणि हार्ले इकडे आली. देवगडच्या कलमाने अशा रीतीने मोठ्या मोटारसायकलींना सनद मिळवून दिली, याची दखल कोकणाच्या इतिहासात अद्याप कोणी घेतलेली नाही. पुढे सप्टेंबर 2025 पासून 350 घन सेंटिमीटरांवरच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर 40 टक्के झाला. म्हणजे ही चैनीची वस्तू आहे, असे सरकारचे स्पष्ट मत आहे, आणि त्याविरुद्ध माझी हरकत नाही.

हरकत आहे ती येथून पुढे. आणि येथेच आपण न विचारलेला तिसरा प्रश्न येतो, तो असा की, 'ही चालवता कुठे?' मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी आहे. 2024 साली खुला झालेला अटल सेतू खुला झाला तोच दुचाकीला वगळून. कर घेताना जी चैनीची वस्तू, तीच फाटकाशी येताच मोपेडची सख्खी बहीण ठरते. आणि जेथे तिला मुभा आहे त्या चौपदरी महामार्गावर, केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे, मोटारीस ताशी 100 किलोमीटरांची मर्यादा असताना मोटारसायकलीस 80 ची आहे. गृहस्थहो, हे यंत्र पहिल्या गिअरमध्येच ऐंशी ओलांडते. उरलेले पाच गिअर कायद्याच्या दृष्टीने पेन्शनीत निघालेले असून त्यांच्या निर्वाहाचा खर्च तेवढा मी सोसतो. न्यायासाठी एवढेही नोंदवले पाहिजे की राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर दुचाकीस टोल पडत नाही. सरकारने तेथे आमची गणना गरिबांत केली आहे, आणि काही वर्षे ही गाडी बाळगल्यावर त्या गणनेत फारशी चूक उरत नाही.

कारण 'किती देते' हे विचारणाऱ्याने 'किती घेते' याचाही जमाखर्च पाहावा. साखळीपासून आरंभ करू. दर पाच-सातशे किलोमीटरांनी ती रॉकेलने धुऊन, फडक्याने कोरडी करून तिच्यावर वंगण फवारावे लागते. गाडीला मधला स्टँड नाही. म्हणून एका हाताने तिचे शेपूट सावरीत दुसऱ्या हाताने लोखंडी पॅडॉक स्टँड खाली रेटून मागचे चाक अधांतरी उचलायचे, आणि ती कलंडली तर आपण कोणत्या बाजूस उडी मारायची हे आधी ठरवून मगच बैठक मारायची. तारेचा ब्रश वापरलात तर कड्यांमधील नाजूक रबरी वेटोळी फाटतात; तेव्हा घरातल्या निवृत्त टूथब्रशाने एकेक कडी घासणे आले. ते काळे वंगण नखांच्या कोपऱ्यात शिरते, ते मंगळवारपर्यंत तेथून हलत नाही, आणि सोमवारी कचेरीत ज्या ज्या कागदावर मी सही करतो त्या त्या कागदावर अंगठ्याचा ठसाही आपोआप उमटून दस्तऐवज अधिकच पक्का होतो.

मागचा टायर 190 मिलिमीटर रुंदीचा. मधल्या पट्ट्यावर कठीण रबर, कडांना मऊ. हेतू असा की सरळ रस्त्यावर तो टिकावा आणि वळणावर धरून ठेवावा. आमच्याकडे सरळ रस्ता ऐंशीने कापावा लागतो आणि वळणावर वाळू, शेण वा विरुद्ध बाजूने येणारा ट्रॅक्टर यांपैकी काहीतरी असतेच. त्यामुळे आठ-दहा हजार किलोमीटरांत तो मध्यभागी पाटासारखा सपाट होतो, आणि कडांवरचे रबर मात्र कारखान्यातून आले तसे कोरे राहते. त्यातही गाडी कमी चालवून बचत करावी म्हटले, तर बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख कोरलेली असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. न झिजताही त्याचे वय सरते आणि रबर कडक होते. झडपांची फट तपासायची तर आधी कवच, मग टाकी, मग हवेची पेटी उतरवावी लागते. आणि एवढे सारे उतरवून मोजमाप घेतल्यावर कारागीर अत्यंत गंभीरपणे सांगतो की फट बरोबर आहे. या शुभवार्तेचा मेहनताना दुरुस्तीइतकाच असतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहते. पण तिच्यातील घड्याळ आणि संगणक झोपेतही वीज पीत राहतात, म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवावा लागतो. तो वाहनतळातील सामायिक प्लगास लावला असता सोसायटीच्या सचिवांकडून लेखी सूचना आली, की सभासदांनी सार्वजनिक विजेवर खासगी वाहनाचे पोषण करू नये. विषय सर्वसाधारण सभेपर्यंत गेला, तेथे पाण्याची टाकी आणि भटकी कुत्री यांच्या मधोमध त्यावर चर्चा झाली, आणि ठराव माझ्याविरुद्ध एकमताने संमत झाला. तेव्हापासून माझ्या खिडकीतून एक वायर खाली लोंबते. उताराकडे तोंड करून गाडी कधीही लावू नये, उंच गतिरोधक तिरपा ओलांडावा, दोन्ही बाजूंच्या पेट्या चढवल्या असता दोन बसगाड्यांमधून वाट काढण्याचा मोह टाळावा, हे सारे ज्ञान मी याच पोषणाच्या काळात संपादन केले.

येथवर वाचून आपण म्हणाल, 'मग ठेवता कशाला?' त्याचे उत्तर सिग्नलवर देता येत नाही, कारण सिग्नलवर ही गाडी आपले सर्वांत वाईट रूप दाखवते. पंखा सुरू होतो, तापलेली हवा माझ्या पोटऱ्यांवर येते आणि दर्शनसुख तेवढे आपणास मिळते. उत्तर मिळते ते पहाटे निघून, खंबाटकी चढून, सातारा मागे टाकून, कोल्हापूरकडे जाताना. सहावा गिअर, ताशी ऐंशी, यंत्र चार हजारांच्या आत फेरे घेते आहे; पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आहे, ती संपेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबण्यात कसलीही अपमानाची भावना नाही, कारण वाट मोकळी झाल्यावर मुठीच्या बोटभर हालचालीत रांग मागे पडणार, हे आधीच ठाऊक आहे. ज्याच्यापाशी जोर कमी, त्याला प्रत्येक ट्रक हा प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. ज्याच्यापाशी तो अमाप, त्याला घाई उरत नाही. त्या पाच बेकार गिअरांचा आणि 140 अश्वांचा खरा उपयोग वेगासाठी नसून या निश्चिंतीसाठी आहे, हे समजण्यास मला ही गाडी काही वर्षे पोसावी लागली. संध्याकाळी आंबोलीच्या धुक्यात उतरतो, तेव्हा पाठ दुखत नसते, मनगटे आखडलेली नसतात, कानांत वाऱ्याचा घोंघाट उरलेला नसतो, आणि मागे बसून आलेली पत्नी, जिचा या खरेदीस प्रथमपासून विरोध आहे, ती स्वतः होऊन म्हणते, "अजून पुढे जायचं का?" दिवसभराच्या मजलीनंतर माणसात जे शिल्लक उरते, तेवढे ही गाडी देते. ते लिटरमागे मोजता येत नाही, म्हणून मी आपला पंधरा-सोळा सांगून मोकळा होतो.

तरी यापुढेही आपण विचारीत राहावे, मी तेच उत्तर देत राहीन, आणि हे पत्र त्या उत्तराचे पुरवणीपत्रक समजून दप्तरी दाखल करून घ्यावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दुचाकीधारक करदाता

ता. क. — आपल्यापैकी काही जण दिवा हिरवा होता होता, "विकायची आहे का?" असेही ओरडून विचारतात. तूर्त विचार नाही. पुढेमागे तसा योग आलाच, तर पॅडॉक स्टँड, उरलेले वंगण आणि चार्जर गाडीबरोबर विनामूल्य मिळेल. सोसायटीची परवानगी मात्र ज्याने त्याने आपापली मिळवावी.