पाच काठ्यांचं कार्ड

टॅरो शिकायला लागलेल्या भाचीने ‘फाइव्ह ऑफ वँड्स’ हे कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मामाजी, संघर्ष आहे."

आता यात भविष्य ते काय! नागपुरात एप्रिल लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये संघर्ष ठरलेलाच. वरच्यांच्या कूलरचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर टपटपतं. खालच्या वहिनी पदर खोचून भांडायला वर जातात. वर गेल्या की "बसा तर खरं" होतं, ताक येतं, आणि कुरडया राहतात बाजूला.

म्हणून मी कार्ड जरा जवळून बघितलं. हा संच 1909 सालचा, लंडनचा. आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी त्याची चित्रं काढली. कार्डं 78, मोबदला मात्र किरकोळ. भांडायला खरं कारण त्यांच्याकडेच होतं! चित्रात पाच पोरं, पाच काठ्या, प्रत्येकाचा अंगरखा वेगळा. पण एकही काठी कुणाच्या टाळक्यात बसलेली नाही. रक्त नाही की टेंगूळ नाही. मला तर ती गणपतीच्या मांडवाचे बांबू उभे करणारी पोरं वाटली: मांडव कसा घालायचा ते सगळ्यांना ठाऊक, खालून बांबू धरायला कुणी तयार नाही. खुद्द वेट यांनीही याला लुटुपुटीची लढाई म्हटलं आहे. काहींच्या मते यात धनलाभही आहे. कार्ड उलटं आलं तर मात्र कोर्टकचेरी. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, तेव्हा तीही सोय गावातच.

लुटुपुटीच्या भांडणात आम्हा नागपूरकरांचा हात कुणी धरू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. पिवळीची परंपरा 1885 पासूनची, काळी तिच्याहून जुनी. इतवारीत दोघी समोरासमोर येतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याच्यावर यंदा राग त्याचा. घसा बसेपर्यंत ओरडून सगळी इडापिडा गावाबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. संध्याकाळी लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांच्या हातावर तीच माणसं हसतमुखाने बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतात.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं अधिवेशनही हिवाळ्यात इथेच भरतं. सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे रात्री एकाच टेबलावर सावजी रश्श्याच्या तिखटामुळे नाक पुसताना दिसले, तर नवल वाटून घेऊ नये.

"पुस्तकात असं काही नाही," भाची म्हणाली. मग त्यावरून आमचं जुंपलं. कार्ड खरं निघालं म्हणून ती खूश.

तुमच्यासमोर हे कार्ड आलं तर घाबरू नका, राजेहो. फक्त ते सुलटं आहे ना, एवढं बघून घ्या. टॅरोवालीपेक्षा वकिलाची फी बरीच जास्त असते.