दहा मिरच्यांचे दाजी

परभणीहून जिंतूरला निघालं की वाटेत बोरी लागतं. समुद्र मात्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लवकर लागत नाही. त्यामुळे बंदराविषयी आमच्या गावात कुणाला मत नाही. तिखटाविषयी मात्र प्रत्येकाला आहे. आमच्या दाजींना जरा जास्तच. पुण्याच्या मिसळीला ते ‘गोड रस्सा’ म्हणतात, आणि कुणी ‘तिखट कमी घाला’ म्हटलं की त्याच्या घराण्याची चौकशी करतात.

अशा दाजींना घेऊन मी बँकॉकला गेलो. टूरवाल्याच्या पनीर बटर मसाल्याला विटून आम्ही ख्लोंग तोई भागात सटकलो. चाओ फ्राया नदीवरचं जुनं बंदर इथलंच. रस्त्याकडेला एक साधं हॉटेल होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गरगरणारा पंखा आणि टेबलावर चार बरण्या: साखर, मिरचीपूड, व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि माशांचा खारट रस. मालकीणबाई मातीच्या उखळात लाकडी मुसळानं लसूण, मिरची, शेंगदाणे आणि कच्च्या पपईचा कीस कुटत होत्या. या पदार्थाला सोम तम म्हणतात.

दाजी उठून उभे राहिले. “अरे, ह्या तर ठेचा करायल्यात!”

बाईंनी मिरची उचलून बोटांनी विचारलं, किती? दाजींनी दोन्ही पंजे उघडले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत उडी घेणाऱ्याच्या नातेवाइकाकडे लोक पाहतात तसं.

पहिल्या घासाला दाजी “बरंय” म्हणाले. दुसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. दाजींना मधे बोलता येत नाही, अशी संधी घराण्यात पुन्हा येणार नव्हती. म्हणून मी इतिहास सांगून घेतला. हा पदार्थ इसानचा, म्हणजे थायलंडच्या ईशान्येचा. तोही आपल्यासारखाच समुद्रापासून लांबचा, पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा मुलूख. तिथली माणसं पोटासाठी या बंदरावर हमाली करायला आली आणि उखळही घेऊन आली. शिवाय मिरची, शेंगदाणा, पपई, तिन्ही मूळच्या अमेरिकेच्या. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी सयामच्या राजाकडे वकील धाडला. मिरची दोन्हीकडे त्यांच्याच जहाजांतून उतरली. म्हणजे दाजी, ज्या तिखटाचा आपण माज करतो, ते बंदरावरूनच आलेलं!

दाजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतिहासाचा इतका परिणाम मी शाळेतही पाहिला नव्हता.

बाईंनी न मागता काकडी, कोबीची पानं आणि चिकट भाताची टोपली पुढे सरकवली. भात हातानं, गोळे करून खायचा असतो, हे कळल्यावर दाजींना जरा धीर आला. टोपली संपली, घाम ओसरला, आणि त्यांनी चक्क दुसरी प्लेट सांगितली.

बाईंनी पुन्हा विचारलं, मिरच्या किती?

दाजींनी हात वर केला आणि बोटं आत मिटून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची.