ताशी साठचा अर्ज

समृद्धी महामार्ग जिथे संपतो ते आमणे गाव भिवंडी तालुक्यात आहे, हे आम्ही भिवंडीकर पाहुण्यांना जरा छाती फुगवूनच सांगतो. नागपूरपासून 701 किलोमीटर. मोटारींना सपाटीवर ताशी 120 ची मुभा, घाटात 100 ची. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि सकाळी नागपूरहून निघालेला माणूस संध्याकाळच्या आत आमच्या वेशीवर येऊन थडकू लागला. थडकतो आणि थांबतो. कारण पुढे वडप्याला तो मुंबई-नाशिक महामार्गाला लागतो आणि तिथून माणकोली, खारेगाव करत ठाणं गाठायचं असतं. गाडीची काच खाली करून एखादा विचारतो, "भाऊ, इथून ठाण्याला किती वेळ लागेल?" दिवसभर 120 ने आलेल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याला खरं उत्तर द्यायचा धीर होत नाही. आम्ही म्हणतो, "ठाणं काय, इथंच तर आहे."

अशा गावात वेगमर्यादा वाढवावी की नाही यावर वाद घालणारी माणसं आहेत, हे बाहेरच्याला खोटं वाटेल. पण आहेत, आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्यांच्यात मीही बसतो.

वादातला रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. अंजूरफाट्याहून पूर्णा, काल्हेर करत कशेळीच्या पुलावरून पलीकडे बाळकुमला उतरणारा. दोन्ही अंगांना गोदामं, त्यांच्यामधून आत घुसणाऱ्या गल्ल्या, मध्ये मेट्रो-5 चे खांब. एकेकाळी इथे भाताची शेतं होती. आता देशातला कुठलाही साबण, चप्पल किंवा मोबाईल ग्राहकाच्या घरी जाण्याआधी एखादी रात्र आमच्याकडे मुक्काम करून जातो म्हणतात. वस्तूंना भिवंडीत मुक्काम आवडतो. त्या हलवायची वेळ आली की पंचाईत होते.

वाद सुरू केला टेम्पोवाल्या शेठनी. त्यांच्या टेम्पोला वेगाचं दोन हजारांचं ई-चलान आलं. शेठचं म्हणणं, मर्यादा सरसकट साठ करून टाका, कटकट मिटेल. आम्ही चलान पाहायला मागितलं. वेळ होती रात्री पावणेबारा. गोदामातला सुपरवायझर म्हणाला, "शेठ, दिवसा मिळालं असतं तर फ्रेम करून लावलं असतं. या रस्त्यावर दिवसा कुणी चाळीसच्या वर गेला, हे सरकारी कागदावर आलं असतं."

आता आधी मर्यादा किती आहे ते तर कळायला हवं. टपरीपासून थोड्या अंतरावर लाल कड्याची एक गोल पाटी आहे. तिच्यावरच्या आकड्यावर कुणीतरी मूळव्याध-भगंदरावरच्या खात्रीशीर इलाजाची जाहिरात चिकटवली आहे. 'विनाऑपरेशन' हा शब्द बरोबर मधोमध आला आहे. जाहिरातीच्या खालून एक शून्य अर्धं दिसतं, म्हणजे आकडा दहाच्या पटीत आहे एवढं नक्की. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका म्हणतात तो 40. सुपरवायझर म्हणतो 50. शेठ म्हणतात, "जो दिसत नाही तो लागू कसा?" आणि गंमत म्हणजे या प्रश्नात दम आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 प्रमाणे राज्याला एखाद्या रस्त्यावर वेग कमी करता येतो, पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि तशी पाटीही लावावी लागते. पाटीवर दवाखाना चिकटला तर काय, याबद्दल कायदा गप्प आहे.

सुपरवायझरच्या फोनवर सगळं सापडतं. त्याने केंद्र सरकारची एप्रिल 2018 ची अधिसूचना काढली. महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल 70, मालवाहू गाड्यांना 60, रिक्षांना 50. शेठचा चेहरा उजळला. मग त्याने पुढचं वाचलं, की 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही वाढीव मर्यादांची अधिसूचना रद्द ठरवली. म्हणजे किती वेगाने जावं यावर देशाचंही एकमत नाही, तर आमच्या टपरीचं कुठून व्हावं! अंजूरफाट्याला सत्तरने जाणारी रिकामी रिक्षा मी अजून पाहिलेली नाही. पन्नासने जाणारी भरलेली पाहिली आहे. आत मी होतो.

अभियंत्यांची म्हणून एक रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर गाड्या आपणहून किती वेगाने जातात ते मोजायचं. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग मर्यादा ठरवताना आधार म्हणून धरायचा. शहाणपणाची रीत आहे. फक्त तिच्यात 'मोकळा रस्ता' ही अट आहे. ती पुरी करायला अभियंत्याला इथे पहाटे तीनला यावं लागेल, आणि पहाटे तीनला मोजलं तर आकडा असा येईल की पाटीवर मावायचा नाही.

इंग्लंडात 1865 चा एक कायदा होता. रस्त्यावर चालणाऱ्या यांत्रिक गाडीला गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार, आणि गाडीच्या पुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेऊन एक माणूस पायी चालायचा. 1896 साली केंट परगण्यात वॉल्टर अरनॉल्ड नावाच्या गृहस्थाला गावातून ताशी आठ मैलांनी गाडी हाकल्याबद्दल दंड झाला. त्याला पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं. त्याच वर्षी मर्यादा चौदा मैल झाली. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मी ऐकला तेव्हा मला काल्हेरचा नाका दिसला. संध्याकाळी गोदामाच्या गल्लीतून चाळीस फुटी कंटेनर बाहेर काढायचा असतो. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसतो आणि क्लीनर खाली उडी मारतो. खांद्यावरचा गमछा हातात घेऊन तो गाडीच्या पुढे चालू लागतो. एका हाताने रिक्षा थोपवतो, दुसऱ्या हाताने कंटेनरच्या पत्र्यावर थाप मारून "आने दो, आने दो, बस्स" करतो, मोटारसायकलवाल्यांशी त्यांच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोलतो आणि अडीच मिनिटांत वीस टन माल रस्त्याला लावतो. गमछा बहुधा लालच असतो. साहेबाचा कायदा साहेबाने मोडीत काढला, आम्ही तो अधिसूचनेशिवाय पाळतो आहोत.

मग ड्रायव्हर काकांनी हिशेब मांडला. काकांची गाडी आयुष्यभर एसटीच्या स्पीड लॉकमध्ये गेली, त्यामुळे त्यांना वेगाचं आकर्षण नाही आणि हिशेबाचं आहे. रस्ता सात किलोमीटर धरा. कुठेही न थांबता चाळीसने साडेदहा मिनिटं, साठने सात. वाचली साडेतीन. "आणि अंजूरफाट्याच्या सिग्नलला किती जातात?" यावर कुणी बोललं नाही. काका पुढे म्हणाले, वेग दीडपट झाला की ब्रेक मारल्यावर गाडी दीडपट लांब जात नाही, सव्वादोन पट जाते. शिवाय माणसाचा पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात चाळीसची गाडी अकरा मीटर गेलेली असते, साठची जवळजवळ सतरा. "आणि गाडी भरलेली असली, टायर गुळगुळीत असले आणि पाऊस असला, तर मग मोजू नका. मोजणारा राहत नाही."

टपरीवर लूमवाले चाचा बसलेले असतात. त्यांचा यंत्रमागाचा जुना कारखाना गावात आहे. बोलतात कमी. ते म्हणाले, "नवीन आदमी येतो ना लूमवर, त्याला वाटतं फास्ट पळवली की कपडा जास्त निघेल. धागा तुटतो. लूम बंद, कारीगर गाठ मारत बसला. संध्याकाळी मीटर मोजा, तेवढंच." चाचांनी बिडी पेटवली. शेठ म्हणाले, "चाचा, रस्त्यात धागा कुठे आला?" चाचांनी रस्त्याकडे बोट केलं.

तिथे दुभाजकाच्या फटीत भाजीवाली मावशी डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. आमची चर्चा सुरू झाली तेव्हाही ती बहुधा तिथेच होती. तिचं शेत गेलं गोदामात. उरलेल्या तुकड्यात ती मुळा आणि माठ लावते आणि तो विकायला तिला रोज पलीकडच्या नाक्यावर जावं लागतं. एकदाची ती अलीकडे पोचली आणि काकांनी तिला विचारलं, "मावशी, गाड्यांचा वेग वाढवायचा म्हणतात, तुमचं काय म्हणणं?" ती टोपली उतरवत म्हणाली, "त्यांना जोरान जावाचा हाय तं जाव द्या. पन मना पल्याड कवा जाव देतील, ता इचारा."

खरं सांगायचं तर माझं मत तिथे पक्कं झालं. दिवसा या रस्त्यावर मर्यादा साठ करा, ऐंशी करा, समृद्धीसारखी 120 करा, कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही, कारण कुणाला ती गाठताच येणार नाही. प्रश्न उरतो तो रात्रीचा. अवजड वाहनांना शहरात सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे दिवसभर तुंबलेला माल रात्री एकदम सुटतो. ड्रायव्हर वेळेच्या मागे असतो, रस्ता पहिल्यांदाच रिकामा दिसतो आणि त्याच वेळी गोदामाची पाळी सुटून हमाल, पॅकिंगच्या पोरी, सिक्युरिटीवाले चार-चारच्या घोळक्याने रस्ता ओलांडत असतात. अंगावर कंपनीचा गडद निळा टीशर्ट, खांबाखाली दिवा नाही. दिवसा कुणाच्या कामाला न येणारा तो आकडा रात्री अकरानंतर मात्र एका माणसाच्या जीवाशी बांधलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण तो वाढवून मागतो. शेठचं चलान पावणेबाराचं होतं, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही. ते चहाचे पैसे देणार होते.

पण अर्ज करायचाच, हे एव्हाना ठरलं होतं. टपरीवर एकदा अर्ज करायचं ठरलं की विषय बदलला तरी अर्ज बदलत नाही. काकांच्या अक्षरात मसुदा झाला. पहिली मागणी, पाटीवरची जाहिरात काढून आकडा जनतेस दिसेल असा करावा. दुसरी, नाक्यावर आणि पाळी सुटते त्या फाटकांसमोर झेब्रा पट्टे व दिवे. तिसऱ्या मागणीवर शेठ अडून बसले, तेव्हा 'वेगमर्यादेबाबत योग्य तो विचार व्हावा' असं लिहून त्यांचं समाधान केलं. ज्याला जो योग्य वाटेल तो विचार त्याने करावा.

अडलं ते 'प्रति' या शब्दापाशी. काका म्हणाले, रस्ता सार्वजनिक बांधकामचा. सुपरवायझर म्हणाला, खांब उभे राहिल्यापासून सगळं एमएमआरडीएचं. शेठच्या मते फाट्याच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत. वेग आणि चलान म्हटलं की ठाण्याची वाहतूक शाखा. चाचा म्हणाले, "सबको भेज दो." हे सर्वांना पटलं. पाच प्रती काढायच्या ठरल्या आणि टपरीवाल्याच्या पोराला दहा रुपये देऊन झेरॉक्सला पिटाळलं.

झेरॉक्सचं दुकान समोरच आहे, रस्त्याच्या पल्याड. आमचा दुसरा चहा संपत आला आहे आणि पोरगा अजून अलीकडच्या कडेलाच उभा आहे.