मागील बाकी

प्रत्येक जुन्या वर्गास एक चिटणीस असतो. त्याची निवडणूक कधी झालेली नसते, त्याच्या पदास मुदत नसते, आणि त्याचा राजीनामा मागण्याची छाती कोणाही वर्गबंधूस होत नाही. कारण निम्म्या वर्गाची खरी जन्मतारीख, इंटरच्या परीक्षेतील खरे गुण आणि कोणाच्या सायकलीमागे कोण किती मैल पायी चालत गेले याचा साद्यंत तपशील त्याच्या दफ्तरी जमा असतो. आमच्या वर्गाचे चिटणीस धामापुरास राहतात. उभी हयात त्यांनी सरकारी कोषागारात काढली. त्यामुळे मैत्रीसारखी नाजूक वस्तूही ते जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत विभागल्याशिवाय हाती घेत नाहीत.

आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा किल्ला होता, जिल्हा नव्हता. तो 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला. मालवणकडच्या पुष्कळ मुलांची वाट तेव्हा रत्नागिरीच्या त्या महाविद्यालयाकडे जाई, जे 1945 साली निघाले आणि आज गोगटे-जोगळेकर या जोडनावाने ओळखले जाते. कॉलेज उघडे जूनमध्ये आणि आगबोटी पावसाळाभर बंद. म्हणून जाताना चिखल तुडवीत, तरीवरून खाड्या ओलांडीत जावे, आणि दिवाळीनंतर परतताना मात्र मालवणच्या किनाऱ्यावरून होडीने खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीवर चढावे, असा आमचा शिरस्ता होता. आमच्या स्नेहाचे रहस्य या प्रवासात आहे असे माझे मत आहे. ज्याने आपल्याला विजयदुर्गाच्या अलीकडे बोट लागलेली पाहिली, आणि त्या अवस्थेत आपले डोके धरले, त्याच्यापुढे माणूस पुढे कितीही मोठ्या हुद्द्यावर चढला तरी त्याला मिजास करता येत नाही.

चिटणिसांचे सारे राज्य एका लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपडीत सामावलेले आहे. तिच्यात डाव्या बाजूस वर्गबंधूचे नाव, मग गाव, मग दूरध्वनी, मग कॉलेजातल्या गरजू मुलांसाठीच्या आमच्या निधीची वर्षवार वर्गणी आणि शेवटी 'शेरा' असा ऐसपैस रकाना. वर्गबंधूंची चरित्रे या शेऱ्यांतच वाचावीत. 'मुलाकडे ठाण्यास, ऐकू कमी येते, वर्गणीपुरते मुळीच येत नाही.' 'गुडघे बदलले; पत्ता तोच.' एका सेवानिवृत्त न्यायाधीशापुढे 'तारखा देतो' एवढेच दोन शब्द आहेत, आणि त्या गृहस्थाच्या एकूण कारकीर्दीचे याहून नेमके परीक्षण उच्च न्यायालयासही साधले नसते.

वर्गबंधूंच्या नातवंडांनी आम्हा सर्वांना व्हॉट्सॲपच्या एका समूहात कोंबून ठेवले आहे. तेथे रोज प्रातःकाळी गुलाबाची फुले उमलतात, सुविचारांचा पाऊस पडतो आणि मधुमेहावरील रामबाण उपायांची देवाणघेवाण होते. चिटणीस हे सर्व वाचतात. परंतु तगादा मात्र पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावरच पाठवतात. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, सून वाचते, शेजारीही वाचतात; थकबाकीदाराची अब्रू अशी चव्हाट्यावर असताना वसुलीस वेगळा शिपाई लागत नाही, हे तत्त्व त्यांनी कोषागारातून आणलेले आहे. त्यानेही भागले नाही तर दूरध्वनी. तो उचलताच पलीकडून नमस्कार नाही, क्षेमकुशल नाही, थेट सवाल येतो :

"जितो आसस मां रे?"

"आसंय."

"मगे वर्गणी खंय रवली?"

जिवंत असणे आणि देणे असणे यांत त्यांना तत्त्वतः भेद दिसत नाही. एकदा एकाने कुरकुर केली की, शंभर-दोनशे रुपयांनी एवढ्या मोठ्या संस्थेचे काय होणार? तेव्हा चिटणिसांनी त्यास कोकणचाच दाखला दिला. धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या गावच्या मंडळींकडून थोडेथोडे गोळा करून मुरूड फंड उभा केला; अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा पैसा मागून जो फंड जमविला, त्यातून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. "आणि तू पेन्शनर असून शंभराची लाज धरतोस?" आमच्या निधीतून कारखाना निघालेला नाही, परंतु दरसाल दोन-चार मुलांची फी, कोणाचा एस.टी.चा पास, ग्रंथालयास एखादा शब्दकोश, एवढे निघते. देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी बसविण्याचा ठराव मात्र चिटणिसांनी 'संगमरवराच्या पैशात तीन पास येतात' असा शेरा मारून फेटाळला.

त्यांच्या दफ्तरी मृत्यू हीदेखील सबब धरली जात नाही. वर्गबंधू निवर्तला की चिटणीस स्वतः सांत्वनास जातात, मुलाबाळांत बसून वडिलांच्या बोट लागण्याच्या कथा सांगून रडणाऱ्या घरास हसवितात, आणि उठता उठता चोपडी काढून मुलाचे नाव वडिलांच्या नावाखाली दाखल करून घेतात. वारसनोंद इतक्या बिनबोभाट होते की तलाठ्याने हेवा करावा.

आमचे वार्षिक संमेलन धामापुरासच भरते. यंदा कुडाळास रेल्वेतून उतरून आम्ही नऊ जण जमलो. ओल्या काजूंची उसळ, घावणे आणि सोलकढी यांचा योग्य तो सन्मान करून झाल्यावर भगवती देवीच्या देवळापाशी तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. हा तलाव 1530 सालचा, नागेश देसाई यांनी बांधलेला. 2020 साली सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. पण गावात त्याची थोरवी निराळीच सांगतात. पूर्वी लग्न निघाले आणि घरी दागिना नसला, की बाईने फुलांची परडी पाण्यात सोडावी. परडी दागिन्यांनी भरून वर येई. लग्न झाले की ते परत करावयाचे. पुढे कोणा एकीने परत केले नाहीत, आणि तेव्हापासून परडी रिकामीच राहते.

ही कथा आम्ही दरसाल ऐकतो. यंदा चोपडी माझ्या मांडीवर होती, म्हणून सहज पहिले पान उघडले, तर पहिले खाते खुद्द चिटणिसांचे! विषय : 'नादारी, दोन वर्षे.' फी भरण्याची ऐपत नाही म्हणून कॉलेजने त्यांना माफी दिली होती, ही गोष्ट साठ वर्षांत आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हती. त्यापुढे दरसालची जमा, आणि तरीही प्रत्येक वर्षाखाली 'मागील बाकी पुढे चालू.' मी हिशेबात फारसा तरबेज नाही, पण त्या काळची फी ती केवढी! मी म्हणालो, "अरे, हे केव्हाच फिटले असेल."

"मुद्दल कधीच फिटलां," तलावाकडे पाहत चिटणीस म्हणाले. "पण खातां बंद केलंय, तर मागसून येतल्या पोराक कोण इचारतलो?"

दागिने ठेवून घेणारीने चोरी केली एवढेच मी आजवर समजत होतो; तिने पुढच्या साऱ्या लग्नांची परडी बुडविली, हे त्या कोषागारातल्या कारकुनाने मला शिकविले. मन भरून आले. मी तत्काळ पाकीट काढले, आणि यंदा दुप्पट वर्गणी लिहून घे म्हणून सांगावे या उदात्त हेतूने चोपडीत माझे पान शोधले. माझ्या नावापुढे, शाई पिवळी पडलेल्या अक्षरांत, शेरा होता : 'ग्रंथालयाचे नीतिशास्त्राचे पुस्तक येणे.'

ते पुस्तक दादरच्या घरी माझ्या कपाटात आहे. त्याची निम्मी पाने मी अद्याप उलटलेली नाहीत. साठ वर्षे या माणसाने माझ्याकडून वर्गणी घेतली, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढले, आणि या शेऱ्याचा चुकूनही उच्चार केला नाही. मी मुकाट्याने नोटा पुढे केल्या.

"पैशे रवांदेत," चोपडी मिटत चिटणीस म्हणाले. "पुस्तक घेवन ये."