सही जुळत नाही

उमेळ्यातल्या एखाद्या आजी पाच हजार काढायला बँकेत गेल्या की खिडकीवरचा बाबू भिंगातून पाहावं तशी त्यांची सही पाहतो. 'श'चं शेपूट वळलेलं नाही. पुन्हा करा. आधार आणलंय? पॅन? झेरॉक्सवर सही केलीत का? दोरीने बांधलेलं पेन चालत नाही, तो दोषही आजींचाच.

अशी काटेकोर शिस्त पाहून ऊर भरून येतो. मग पीएमसी बँक आठवते.

आपल्या वसई-विरारला नाव ठाऊक असलेल्या एचडीआयएल या बिल्डर समूहाला त्या बँकेने इतकं दिलं की एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून जास्त वाटा एकाच घरी गेला. हप्ते थकले, पण बुडीत म्हणून नोंद नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत थकबाकीदार म्हणणं बरं दिसतं का? हे झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती कागदावर उभी राहिली. त्यांतल्या एकाचीही सही जुळली नाही म्हणून कुणी परत पाठवलं नाही. लेखापरीक्षकही समाधानी होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँक जागी झाली आणि निर्बंध घातले, ते अर्थातच ठेवीदारांवर: सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढा. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून सुटल्या. त्यावरच्यांना वर्षावर्षाचे हप्ते, आणि ज्यांची ठेव १५ लाखांहून मोठी होती, त्यांना उरलेली रक्कम १० वर्षांनी मिळायची आहे.