चार आठवड्यांचे वकीलसाहेब

कायदा शिकणाऱ्या मुलांना इंटर्नशिपला पाठवताना बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांच्या पोशाखाची चोख काळजी घेतली आहे. पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. गळ्यात पांढरे बँड नसतात, एवढाच काय तो फरक. तो वकिलांना लांबूनही दिसतो, पक्षकाराला जवळूनही दिसत नाही. त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पायरीवर पाय ठेवताच पोरगा 'वकीलसाहेब' होतो. घटनेचं कलम ३९-अ पाठ करून आलेला असतो बिचारा, आणि त्याला पहिला प्रश्न येतो, "वकीलसाहेब, झेरॉक्स कुठं काढून मिळेल?"

मला विचाराल तर अभ्यासक्रमातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. झेरॉक्सवाला शोधता शोधता टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर, नाझर, बेलीफ सगळे भेटतात, आणि यांच्यावाचून कलमं जागची हलत नाहीत हेही ध्यानात येतं.

मग एखादी बाई येते, पोटगीसाठी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पोरगा उत्साहाने हे सांगतो. बाई पिशवीतून उत्पन्नाचा दाखला काढते. "ताई, याची गरज नाही." बाईला ते पटत नाही. तहसीलला खेटे घालून आणलाय, रोज बुडवलाय, आता गरज नाही म्हणजे काय? शेवटी तो दाखला अर्जाला जोडला जातो. कायद्याला नको असला तरी बाईला हवा होता. शिवाय फुकटचा वकील कितपत भांडेल, ही शंका तिच्या डोळ्यात असतेच. तिचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नाही.

खरी गंमत मात्र मुदतीची आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्याला २०, पण सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. आणि आपल्याकडची पुढची तारीख बहुधा चार आठवड्यांच्या पलीकडेच पडते. म्हणजे पोराने उलटतपास सुरू झालेला पाहिला, तर साक्षीदार पिंजऱ्यातून उतरायच्या आत हाच कॉलेजात परत! कोणाचा बाप काय म्हणाला हे कळलं, वाडा कोणाला मिळाला ते राहूनच गेलं. परीक्षेसाठी एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून त्याची नोंद लिहायची असते, तिथे मग सीनियरची वही कामाला येते. वाटणीचा एकच दावा काही वह्यांमधून इतक्या पिढ्या उतरत आलाय, की तो आता वडिलोपार्जित मिळकतीत धरायला हरकत नाही.

शेवट बघायचा तर राष्ट्रीय लोकअदालतीच्या शनिवारी. वर्षातून साधारण चारदा ती भरते. चेक न वटल्याची प्रकरणं, बँकेची थकबाकी, अपघाताची भरपाई. पोरगा युक्तिवाद ऐकायला कान टवकारून बसतो, आणि पॅनेलवरून विचारणा होते, "बोला, किती हप्ते पाडायचे?" दहा मिनिटांत सह्या! भरलेली कोर्ट फी परत, निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत, वर अपील नाही. चार वर्षं बोलणं बंद असलेले दोघे एकाच पेनाने सही करतात. पोराला हे थोडं कमी नाट्यमय वाटतं. वाटू द्या. त्याला भांडायला शिकवलेलं आहे. मिटवायला कोणी शिकवलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. सही प्राधिकरणाच्या सचिवांची, आणि सचिव म्हणजे न्यायाधीश. ते नेमके शिबिराला तालुक्याला गेलेले. कारकून कॅलेंडर बघून म्हणतो, "पुढच्या सोमवारी या."

"सर, तातडीचा अर्ज नाही का करता येणार?"

"येईल की. कारण काय दाखवणार?"